आधुनिक चित्रकलेला राजकीय बदलाची चाहूल आधी लागते का, की ती फक्त मागून प्रतिक्रिया देते?

प्रश्नाखाली तुम्ही स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं उदाहरण दिलंय, की स्पेनचं यादवी युद्ध त्याने सुरू व्हायच्या आधीच रंगवलं, मग चित्रकाराला पुढचं दिसतं असं का म्हणू नये. तिथूनच सुरू करतो कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. चित्रकाराला उद्याचं काही दिसत नाही हो, त्याला आजचंच दिसतं, पण बाकीच्यांनी ज्याच्याकडे काणाडोळा केलेला असतो ते दिसतं, आणि 'बघा, आधीच सांगितलं होतं' ही चिठ्ठी नंतर डकवली जाते. कधी समीक्षक डकवतात, कधी आपण, आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतःच.

मी कोण ते पण सांगतो. नाशिकला रविवार कारंज्याजवळ आमचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं, आता मी बघतो. मधल्या काळात जीडी आर्ट (चित्रकलेची पदविका) केलं, स्वतःची चित्रं फारशी विकली गेली नाहीत पण बघायचं व्यसन लागलं ते लागलंच. त्यामुळे उत्तरात थोडी पुस्तकातली माहिती येईल आणि थोडं दुकानातलं, सांभाळून घ्या.

तर दाली. ते चित्र मी छापीलच बघितलंय, मूळ अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या म्युझियमला आहे. एक अवाढव्य शरीर स्वतःचेच हातपाय ओढतंय, स्वतःलाच पिळतंय आणि खाली उकडलेल्या घेवड्याचे दाणे सांडलेत. नावात 'यादवीची पूर्वसूचना' असे शब्द आहेत म्हणून सगळे थक्क होतात, पण ते शब्द त्याने युद्ध पेटल्यावर जोडले असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि दाली स्वतःची जाहिरात करण्यात किती पटाईत होता ते माहीत असेल तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. बरं, नाव सोडा, चित्र तर आधीचंच आहे ना? आहे. पण युद्ध सुरू झालं जुलै १९३६ मध्ये, आणि त्याच्या पावणेदोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९३४ मध्ये, स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या खाणकामगारांनी उठाव केला होता तो सरकारने सैन्य घालून चिरडला, त्याच आठवड्यात बार्सिलोनात कॅटलोनिया प्रांतावरून राडा झाला आणि दाली तेव्हा बार्सिलोनातच होता, बायकोला घेऊन तिथून फ्रान्सला पळाला. आता ज्या माणसाने हे स्वतः अनुभवलंय त्याने देश स्वतःलाच फाडतोय असं चित्र काढलं तर त्याला दिव्यदृष्टी कशाला म्हणायचं? त्याने बघितलेलंच काढलं. मात्र फार ताकदीने काढलं, त्याबद्दल वाद नाही.

म्हणून अशा 'भविष्यवेत्त्या' चित्रांचं कौतुक कोणी सांगितलं की मी आधी तारीख बघतो, मग नाव कधी पडलं ते बघतो आणि मग पैसे कोणी दिले होते ते. गंमत म्हणजे तारखेवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. रशियन चित्रकार मालेविचचा काळा चौकोन घ्या, रशियन क्रांतीच्या आधी सगळं जुनं पुसून टाकणारं चित्र म्हणून त्याचं नाव घेतात. ते लोकांसमोर आलं डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात, तेही खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे रशियन घरात देवाची प्रतिमा टांगतात तिथे. पण मालेविच त्याचं साल १९१३ सांगायचा, का तर कल्पना तेव्हाच सुचली होती म्हणे! आणि पैशाचं बघायचं तर आधुनिकच्या बरंच मागे जाऊन फ्रेंच चित्रकार दाविदचं प्राचीन रोममधल्या होरेशियस भावांच्या शपथेचं चित्र बघा, हात पुढे करून तलवारींवर शपथ घेणारे तीन भाऊ, १७८५ साली पॅरिसमध्ये लागलं, चार वर्षांनी क्रांती झाली आणि मग ते क्रांतीचं चित्र म्हणून प्रसिद्ध झालं. ते काढून घेतलं होतं खुद्द राजाच्या खात्याने! सोळाव्या लुईने स्वतःच्या पैशाने स्वतःविरुद्धची भविष्यवाणी काढून घेतली असं म्हणायचं का मग.

पहिल्या महायुद्धाआधीच्या जर्मन लोकांबद्दल मात्र मला जरा थांबावंसं वाटतं, कारण तिथे खरंच अंगावर काटा येतो. लुडविग माइडनर नावाचा बर्लिनचा चित्रकार १९१२ पासून जळणारी, कोसळणारी शहरं काढत होता, रस्ते फाटतायत, माणसं पळतायत. फ्रान्झ मार्कने १९१३ मध्ये जंगलात होरपळणाऱ्या प्राण्यांचं एक मोठं चित्र काढलं, पुढे तो सैन्यात गेला, १९१५ मध्ये आघाडीवर असताना त्याला कोणीतरी त्याच चित्राचं पोस्टकार्ड पाठवलं आणि ते बघून तो स्वतःच हादरला, बायकोला पत्रात लिहिलं की ही तर या युद्धाचीच पूर्वसूचना वाटते. वर्षभरात, मार्च १९१६ मध्ये व्हर्दनजवळ तो मारला गेला. त्याच साली ते चित्र ठेवलं होतं तिथे आग लागून उजवा भाग जळाला आणि नंतर त्याचा मित्र पॉल क्ले याने तो भाग पुन्हा रंगवला, पण मुद्दाम तपकिरी, मळकट ठेवला, आजही तो वेगळा कळतो. चित्र सध्या बासेलला आहे.

हे वाचून कोणालाही वाटेल की काहीतरी आहे बुवा. पण त्याच वर्षांत पॅरिसमध्ये पिकासो काय करत होता बघा, १९१२ च्या शेवटी तो वर्तमानपत्राचे तुकडे कापून चित्रात चिकटवत होता आणि त्यातल्या कितीतरी तुकड्यांवर बाल्कन युद्धाच्या बातम्या आहेत. म्हणजे युद्ध पेपरात रोज येतच होतं, चहाबरोबर वाचत होते लोक! माइडनर आणि मार्क त्याच हवेत श्वास घेत होते. आणि दुसरं म्हणजे मार्कला पूर्वसूचना कधी 'दिसली', तर खंदकांचं युद्ध बघून झाल्यावर. १९१३ मध्ये तो काही युद्धाचं चित्र काढायला बसला नव्हता. शिवाय जगबुडीची चित्रं काढणारे प्रत्येक काळात असतात, ज्यांच्यानंतर काहीच घडलं नाही त्यांची नावं आपल्याला कोण सांगतंय, ती चित्रं माळ्यावर गेली.

आणि चित्रकाराला जर खरोखर पुढचं कळत असतं तर एमिल नोल्डेचं काय करायचं? हा जर्मन आधुनिक चित्रकलेतला मोठा माणूस, रंग बघाल तर वेड लागेल, आणि हा स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता. त्याला वाटलं नवी राजवट आपल्याला राष्ट्रीय चित्रकार म्हणून डोक्यावर घेईल. झालं काय, १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला 'विकृत कला' म्हणून प्रदर्शन भरवलं त्यात त्याचीच चित्रं टांगली आणि म्युझियममधून जप्त केलेल्या कामात त्याची हजाराहून जास्त निघाली, इतर कोणाहीपेक्षा जास्त. स्वतःच्या ताटात काय वाढून ठेवलंय ते त्याला कळलं नाही, देशाचं काय कळणार.

याच्या उलट बर्लिनचा चित्रकार गेओर्ग ग्रोस. माझा लाडका. १९२६ चं त्याचं 'समाजाचे आधारस्तंभ' शोधून बघाच, इंटरनेटवर मोठं करून. समोर बिअरचा ग्लास आणि तलवार घेतलेला एक म्हातारा, टायवर स्वस्तिक, कवटी उघडी आणि आतून घोडेस्वार निघतोय, बाजूला एक पत्रकार डोक्यावर मुताचं भांडं पालथं घालून, एका पुढाऱ्याच्या डोक्यात मेंदूच्या जागी वाफाळतं शेण, मागे धर्मगुरू हात पसरून उभा आणि त्याच्या मागे सैनिक आणि आग. आता आकडा लक्षात घ्या, दोन वर्षांनी, १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मिळाली फक्त २.६ टक्के मतं. पेपरवाले त्यांना संपलेला पक्ष म्हणत असणार. १९३२ च्या जुलैत तेच ३७ टक्क्यांच्या वर गेले. तर मग ग्रोसने भविष्य सांगितलं की नाही? मी म्हणतो नाही, टायवरचं ते चिन्ह १९२६ मध्ये खरंच लोकांच्या टायवर होतं, तो बर्लिनच्या बारमध्ये बसून हीच माणसं बघत होता, बाकीचे २.६ टक्के म्हणून सोडून देत होते त्या माणसाला त्याने चित्रात सगळ्यात पुढे बसवलं. इतकंच केलं, पण हे इतकंच फार मोठं आहे. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर व्हायच्या काही दिवस आधी ग्रोस अमेरिकेला निघून गेला.

आता दुसरी बाजू, 'नुसती प्रतिक्रिया'. यात तो 'नुसती' शब्द मला खटकतो. सगळ्यांचं आवडतं उदाहरण गर्निका, तर २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या त्या नावाच्या गावावर बॉम्ब पडले, पिकासोने १ मे ला पहिली स्केचेस केली आणि जूनच्या सुरुवातीला जवळजवळ पावणेआठ मीटर लांबीचं चित्र तयार. सरकारने त्याला काम जानेवारीतच दिलं होतं, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनासाठी, आणि तो तोवर स्टुडिओ, चित्रकार, मॉडेल असल्याच विषयाशी चाळा करत बसला होता. बॉम्ब पडले आणि पाच आठवड्यांत झालं. कसं झालं? कारण तो बैल, तो घोडा, दिवा धरलेली बाई हे सगळं त्याच्या १९३५ च्या मिनोटॉरच्या (बैलाचं डोकं असलेला ग्रीक पुराणातला राक्षस) एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात, आधीच आलेलं होतं. घटना नंतर आली, आकार आधी तयार होते. याला आधी म्हणायचं की नंतर, तुम्हीच सांगा.

आणि कधी कधी प्रतिक्रिया इतकी उशिरा येते की तिला प्रतिक्रिया म्हणवत नाही. चित्रकार तय्यब मेहतांनी १९४७ च्या दंग्यात मुंबईत मोहम्मद अली रोडवर घराच्या खिडकीतून एका माणसाला जमावाने ठार मारताना बघितलं, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मग पाय बांधलेला बैल आला पन्नाशीच्या दशकात, पडणारी माणसं आली साठीच्या दशकात, आणि पुढे काली, महिषासुर, शेवटपर्यंत तेच. फाळणीचं असं थेट चित्र त्यांनी काढलंच नाही म्हणा ना, पण प्रत्येक कॅनव्हासवर ती आहे. उलट चित्रकार चित्तप्रसादनी १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात मिदनापूरला फिरून जागेवर रेखाटनं केली आणि इंग्रजांनी ती पुस्तिका जप्त करून जाळली. दोघांनाही तुमच्या प्रश्नातल्या 'प्रतिक्रिया' या एकाच खणात घालणार का? मला नाही जमत.

जाता जाता एक, राजकारण चित्रकलेवर कसं आणि कुठून येऊन आदळतं त्याचा नेम नसतो. मुंबईत १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या कलाकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांना युरोपातलं ताजं काम समजावून सांगणारे आणि त्यांची चित्रं विकत घेणारे कोण होते तर लँगहॅमर, श्लेसिंगर, फॉन लायडन ही हिटलरमुळे युरोप सोडून आलेली मंडळी. बर्लिनमध्ये सरकार बदललं नसतं तर आपली मुंबईची चित्रकला कदाचित वेगळी दिसली असती.

आता आपल्याकडचं बोलतो, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे. चित्र पुढचं सांगत नाही पण एक काम आधी करून ठेवतं, पुढे येणाऱ्या राजकारणाला ते चेहरा देतं. अवनींद्रनाथ टागोरांची भारतमाता १९०५ ची, वंगभंगाच्याच वर्षातली, भगवी वस्त्रं, चार हात, हातात पोथी, धान्याच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि माळ. आधी ती वंगमाताच होती, बंगालपुरती. म्हणजे बंगालच्या फाळणीवरची तात्कालिक प्रतिक्रियाच म्हणा. पण एकदा तो चेहरा झाला आणि मग पुढे शंभर वर्षं कोणकोणत्या पक्षांनी, कोणकोणत्या अर्थाने तो वापरला ते मी इथे लिहीत बसत नाही, कमेंटमध्ये मारामारी होईल.

नाशिककर म्हणून १९३० हे साल मला कायम टोचतं. २ मार्चला इथे पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब स्वतः आलेले, आणि १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. दांडीला चित्रकार नंदलाल बोस मिळाले, काठी घेतलेल्या गांधींचं ते काळंपांढरं लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र) आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. काळारामला तसा कोणी मिळाला नाही. आमची बॉम्बे स्कूलची, म्हणजे मुंबईच्या आर्ट स्कूलच्या परंपरेतली, मंडळी त्या काळात पोर्ट्रेट, निसर्गचित्रं आणि पौराणिक प्रसंगात गढलेली होती, फार सुंदर काम आहे ते, पण घाटावर पाच पावलांवर काय चाललंय ते कॅनव्हासवर आलं नाही. आणि तरीही चेहरा तयार झालाच, फक्त गॅलरीत झाला नाही. निळा कोट, लाल टाय, चष्मा, हातात संविधान. हे चित्र कॅलेंडरवर, जयंतीच्या बॅनरवर, पेंटरने भिंतीवर काढलेलं, असं वस्त्यावस्त्यांमधून पिढ्या न् पिढ्या होतं, आमच्या दुकानात १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस वडिलांच्या काळापासून दुसरं कामच घेता यायचं नाही, बुद्ध आणि बाबासाहेब जोडीने, सोनेरी पट्टी, काच लावून. आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचं तैलचित्र लागलं कधी, तर एप्रिल १९९० मध्ये, भारतरत्नही त्याच वर्षी. घरातल्या भिंतीने जे कधीच मान्य केलं होतं ते सरकारी भिंतीवर यायला इतकी वर्षं लागली. तुम्हाला 'आधी कळणारं' चित्र हवं असेल तर ते हे आहे, पण ते कोणी आर्ट स्कूलवाल्याने काढलं नव्हतं आणि बहुतेकदा खाली सहीपण नसते.

दुकानात हा फरक रोज दिसतो. सरकारी ऑफिसचे फोटो निकालानंतर येतात, मंत्री बदलला की साहेबाचा शिपाई जुनीच फ्रेम घेऊन येतो, पट्टी तीच ठेवा, काच तीच ठेवा, आतला फोटो तेवढा बदला, पावती मात्र पूर्ण फ्रेमची द्या (देत नाही हो). घरगुती फोटो असे निकाल बघून येत नाहीत. लोक कोणाला फ्रेम करून घरात लावायला लागलेत हे मला निवडणुकीच्या बरंच आधी दिसतं. कोण जिंकणार ते त्यावरून कळत नाही, तेवढं कळलं असतं तर दुकान कशाला चालवलं असतं, पण लोकांच्या मनात कोण मोठं होतंय ते कळतं.

सरकारी चित्राच्या उशिराचा तर पुरावा आमच्या नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातच छापलेला आहे. स्वातंत्र्य १५ ऑगस्टला मिळालं, तिरंग्याचं 'जय हिंद'वालं पहिलं टपाल तिकीट आलं २१ नोव्हेंबर १९४७ ला, आणि रोजच्या वापरातल्या तिकिटांची नवी मालिका आली ती थेट १५ ऑगस्ट १९४९ ला, तोवर स्वतंत्र देशाच्या पाकिटांवर इंग्लंडच्या राजाचं तोंडही चालत होतं.

अजून एक प्रकार आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, तो म्हणजे ज्या चित्रात राजकारणाचा र सुद्धा नाही आणि ते नंतर राजकीय होतं. शिवाजी तुपे सरांची आणि इतर नाशिककर चित्रकारांची गोदाघाटाची जलरंगातली चित्रं बघा, कुंड, दगडी पायऱ्या, देवळांची सावली, धुणं धुणाऱ्या बाया. काढताना कोणाच्या मनात आंदोलन नव्हतं, सकाळचं ऊन पकडायचं होतं. पण पुढे नदीपात्रात काँक्रीट ओतलं गेलं, कुंडं बुजली, त्यावरून वाद कोर्टापर्यंत गेले, आणि आता तीच चित्रं कोणी फ्रेमला आणली की दुकानात उभी असलेली माणसं बोट ठेवून भांडायला लागतात, इथे बघा पायऱ्या होत्या, इथे पाणी होतं. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, भांडणं वाढणारच. आता हे चित्र बदलाच्या आधीचं की नंतरचं? काढलं आधी, बोलायला लागलं नंतर.

बाकी तुम्ही विचारलंय की आजच्या कोणाचं काम बघावं, तर ठाण्याचे सुधीर पटवर्धन. बरीच वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली आणि सोबत चित्रं. सत्तरच्या दशकात ते कामगार, लोकल, इराणी हॉटेलात बसलेला माणूस असं रंगवत होते, मग १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या गेल्या, आणि २००१ च्या 'लोअर परळ' मध्ये गिरण्यांच्या चिमण्या आणि नवे टॉवर एकाच कॅनव्हासवर उभे आहेत. त्यात भविष्यवाणी शोधू नका, पुलावरून जे दिसतं तेच आहे. फक्त आपण पुलावरून जाताना मोबाईलमध्ये बघत असतो.

आणि हो, नुसतं मोबाईलवर बघून मत बनवू नका, आकाराचा अंदाजच येत नाही. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडली तर अकराच्या आसपास सीएसएमटी, तिथून चालत काळाघोडा, जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरच्या चौकातलं एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) एका दिवसात आरामात होतं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. फक्त सोमवारी जाऊ नका, एनजीएमए बंद असतं.